विश्लेषण : एका घराला दोन आडनावे कशी? फ्रेंच-कॅनेडियन वंशावळीतील ‘दी’चे कोडे

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किंवा मेन राज्यात ‘किंग’ आडनावाचे एक कुटुंब राहते असे समजू. घरात इंग्रजी बोलतात, नाताळला मात्र मांसाची फ्रेंच पाय बनते आणि पणजोबा ‘वरून, कॅनडातून’ आले एवढेच सगळ्यांना ठाऊक असते. कॅनडातील चर्चच्या वहीत ‘किंग’ शोधला तर काहीच हाती लागत नाही, कारण पणजोबांचे आडनाव होते ‘रुआ’, म्हणजे फ्रेंचमध्ये राजा. त्याच्याही मागे गेले की ‘रुआ’च्या पुढे ‘ऊर्फ’ लावून आणखी एक आडनाव उभे असते. असा तिढा उत्तर अमेरिकेतील लाखो कुटुंबांच्या वाट्याला आला आहे. आता त्यात नागरिकत्वाचा प्रश्नही गुंतला आहे.

हा विषय आताच चर्चेत का?

कॅनडाने २००९ मध्ये वंशपरंपरेने मिळणाऱ्या नागरिकत्वाला एका पिढीची मर्यादा घातली होती. परदेशात जन्मलेला कॅनेडियन नागरिक, परदेशातच जन्मलेल्या आपल्या मुलाला आपोआप नागरिकत्व देऊ शकत नव्हता. ओंटारियोतील न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ही मर्यादा घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर कायदा बदलला आणि सुधारित तरतुदी १५ डिसेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यापूर्वी परदेशात जन्मलेल्या, पण पिढीच्या मर्यादेमुळे वगळल्या गेलेल्या अनेकांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर जन्मणाऱ्यांसाठी, परदेशात जन्मलेल्या कॅनेडियन पालकाने मुलाच्या जन्मापूर्वी एकूण १,०९५ दिवस कॅनडात प्रत्यक्ष काढलेले असणे आवश्यक आहे.

कायद्याने दार उघडले तरी आत जाण्यासाठी कागद लागतो. प्रत्येक पिढी मागच्या पिढीशी जोडणारा जन्माचा वा बाप्तिस्म्याचा दाखला मिळवावा लागतो. इथेच आडनावांचा घोळ आडवा येतो. दाखल्यावर एक नाव, लग्नाच्या नोंदीत दुसरे आणि अमेरिकी जनगणनेत तिसरे, अशी स्थिती असली तर ही तिन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे अर्जदाराला दाखवून द्यावे लागते.

फ्रेंच-कॅनेडियन म्हणजे नेमके कोण?

सॅम्युएल द शाम्प्लेन याने १६०८ मध्ये सेंट लॉरेन्स नदीकाठी क्वेबेक शहराची स्थापना केली. सुरुवातीची वस्ती अगदी तुटपुंजी होती. न्यू फ्रान्स या वसाहतीचा प्रशासक ज्याँ तालाँ याने १६६६ मध्ये घरोघर फिरून शिरगणती करवली, तेव्हा युरोपीय वंशाची ३,२१५ माणसे भरली. त्यांत स्त्रिया फारच कमी होत्या. म्हणून राजा चौदाव्या लुईने १६६३ ते १६७३ या काळात सुमारे ७७० तरुणींना सरकारी खर्चाने वसाहतीत पाठवले. इतिहासात त्या ‘राजाच्या मुली’ म्हणून ओळखल्या जातात. त्या राजघराण्यातल्या नव्हत्या. त्यांतल्या कित्येकींचे वडील हयात नव्हते, प्रवासाचा खर्च मात्र राजाच्या तिजोरीतून झाला होता. १६६५ मध्ये कॅरिन्याँ-सालिएर ही पलटण आली. तिच्यातले सुमारे ४०० सैनिक मोहीम संपल्यावर परत न जाता तिथेच जमीन घेऊन राहिले.

फ्रान्समधून येऊन कायमचे स्थायिक झालेल्यांची संख्या साधारण दहा हजारांच्या घरात होती. ब्रिटिशांनी १७६० मध्ये वसाहत जिंकली तेव्हा लोकसंख्या सुमारे ७० हजारांवर गेली होती. १७६३ च्या पॅरिस तहानंतर फ्रान्समधून येणारा ओघ जवळपास थांबला. आजच्या लाखो फ्रेंच-कॅनेडियनांची मुळे म्हणूनच त्याच थोड्या कुटुंबांत जाऊन मिळतात. पेर्श प्रांतातून १६३४ मध्ये आलेला सुतार झाकारी क्लुतिए याचे वंशज १८०० पर्यंतच दहा हजारांवर गेले होते, असे मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या ऐतिहासिक लोकसंख्या प्रकल्पाने मोजले आहे.

‘दी’ आडनाव म्हणजे काय?

जुन्या नोंदींत ‘निकोला रिव्हार दी लाविन्य’ अशी नावे सर्रास दिसतात. यातल्या ‘दी’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘म्हटला जाणारा’ असा होतो. मराठीतला ‘ऊर्फ’ इथे चपखल बसतो. रिव्हार हे घराण्याचे आडनाव आणि लाविन्य हे ऊर्फ नाव. ‘लाविन्य’ म्हणजे द्राक्षवेल. निकोलाचा भाऊ रॉबेर मात्र ‘रिव्हार दी लोरांजे’ झाला. एकाच आईबापाच्या दोन मुलांची ऊर्फ नावे वेगळी आणि पुढे त्यांच्या वंशजांची आडनावेही वेगळी. आज लाविन्य आणि लोरांजे आडनावांची माणसे समोरासमोर आली तरी आपण एकाच घरातले आहोत याचा त्यांना पत्ता नसतो.

हे ऊर्फ नाव केवळ गंमत म्हणून ठेवलेले नव्हते. वसाहत लहान, माणसे मोजकी आणि बाप्तिस्म्याची नावेही ठरावीक. एकाच गावात एकाच नावाआडनावाचे तिघेचौघे असले तर जमिनीचा व्यवहार कोणाचा आणि कर्ज कोणाच्या नावावर, हे कळायला काही खूण हवीच. ती खूण म्हणजे ‘दी’. माणूस हे नाव मुलांना देऊ शके, सोडून देऊ शके किंवा मूळ आडनावाऐवजी फक्त तेच वापरू शके. त्यासाठी न्यायालयात जायची गरज नव्हती.

ही ऊर्फ नावे कुठून आली?

त्यांचे साधारण चार झरे सांगता येतात.

पहिला झरा पलटणीचा. फ्रेंच सैन्यात भरती झालेल्याला लष्करी नाव देण्याची रीत होती. लाफ्लर म्हणजे फूल, लात्युलिप म्हणजे ट्युलिप, जोलिकर म्हणजे आनंदी मनाचा, सांसूसी म्हणजे निश्चिंत, व्हादबाँकर म्हणजे मनापासून निघालेला आणि त्रांशमाँताञ म्हणजे डोंगर कापणारा. ही नावे ऐकताना पलटणीतली थट्टामस्करी जाणवते. शिपायाने बंदूक खाली ठेवून नांगर हाती घेतला तरी नाव तसेच राहिले. ‘लाफ्लर’ मात्र अनेक पलटणींत होते. त्यामुळे आज लाफ्लर आडनाव असलेले सगळे एकाच मूळ पुरुषाचे वंशज आहेत असे समजणे चुकीचे ठरते.

दुसरा झरा गावाचा वा प्रांताचा. अँजू प्रांतातून आला तो लांजव्हँ, पिकार्डीतला तो पिकार, ब्रिटनीतला तो ब्रतों, नॉर्मंडीतला तो नॉर्मां. आपल्याकडच्या ‘कर’ लावलेल्या आडनावांची ओळख असलेल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. स्वित्झर्लंडहून आलेला पिएर मिव्हिल याच कारणाने ‘ल स्विस’, म्हणजे स्विस माणूस म्हणून ओळखला गेला. त्याच्या वंशजांची एक शाखा पुढे ‘मिव्हिल दी देशेन’ झाली. ‘देशेन’ म्हणजे ओकच्या झाडांचा.

तिसरा झरा शरीराचा वा स्वभावाचा. ल ब्लां म्हणजे गोरा, ल ग्रो म्हणजे जाडा, लादुसर म्हणजे मवाळपणा. चौथा झरा जमिनीचा. शेताजवळचा ओढा, टेकडी, झाड किंवा आईच्या माहेरचे नावही ऊर्फ म्हणून चिकटे.

नावात ‘द’ असला म्हणजे घराणे सरदारांचे, असाही एक समज आहे. अनेकदा तो ‘द’ फक्त ‘अमुक गावचा’ एवढेच सांगत असतो.

मग शेवटी कोणते आडनाव टिकले?

याला एकच नियम नाही. काही घरांत मूळ आडनाव राहिले, काहींत ऊर्फ नावाने त्याची जागा घेतली, तर काहींनी दोन्ही जोडून ठेवली. मिव्हिल-देशेन हे जोडनाव आजही आढळते. एका भावाने मूळ नाव धरले आणि दुसऱ्याने ऊर्फ, असेही घडले. एकोणिसाव्या शतकात जनगणना, शाळा आणि सरकारी कागद वाढले, तशी दोन नावांची सवय मोडत गेली आणि बहुतेकांनी एकच आडनाव निवडले. जुन्या नोंदी शोधताना म्हणूनच दोन्ही नावांनी पाहावे लागते. एका नावाने मूळ पुरुष एखाद्या वर्षी अचानक ‘नाहीसा’ झाला असेल, तर तो बहुधा दुसऱ्या नावाने त्याच गावात नांदत असतो.

त्यात लेखनाची भर पडते. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. पाद्री जसे ऐकू येईल तसे लिहीत असे. कॅनडाचे दोन पंतप्रधान ज्या घराण्यात झाले त्या ट्रूडो घराण्याचा मूळ पुरुष एतिएन १६५९ मध्ये मॉन्ट्रियलला आलेला सुतार होता. त्याचे आडनाव तेव्हा ‘त्रुतो’ असे होते. ‘त’चा ‘द’ नंतर झाला.

नोंदीत सगळे जोसेफ आणि सगळ्या मारी कशा?

नवख्या शोधकर्त्याला ठेच लागते ती इथे. कॅथलिक फ्रेंच-कॅनेडियन घरांत बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या नावाआधी जोसेफ आणि मुलीच्या नावाआधी मारी लावण्याची प्रथा होती. मधले एक नाव बहुधा धर्मपित्याचे वा धर्ममातेचे असे आणि रोजच्या वापरातले नाव पुष्कळदा सर्वांत शेवटी येई. माजी पंतप्रधान पिएर ट्रूडो यांचे पूर्ण नाव जोसेफ फिलिप पिएर इव्ह एलियट ट्रूडो असे होते, तर माजी पंतप्रधान ज्याँ क्रेतिएँ यांचे जोसेफ जाक ज्याँ क्रेतिएँ. वहीत ‘ज्याँ’ म्हणून शोधणाऱ्याला पहिला शब्द ‘जोसेफ’ दिसला की तो पान उलटून पुढे जातो आणि हवी ती नोंद हातची निसटते.

आणखी एक गोष्ट मनाला लागणारी आहे. बालमृत्यू फार होते. दगावलेल्या मुलाचेच नाव पुढच्या बाळाला देत. त्यामुळे एकाच आईबापाच्या नोंदींत एकाच नावाच्या दोन-तीन मुली दिसल्या तर ती लेखनिकाची चूक समजू नये. बाप्तिस्म्याच्या नोंदीबरोबर दफनाची नोंदही पाहावी, म्हणजे मोठी झालेली कोणती हे कळते.

लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलत होते का?

कागदावर नाही. न्यू फ्रान्सच्या काळापासून चर्च आणि नोटरी यांच्या नोंदींत विवाहित स्त्री माहेरच्या आडनावानेच येते. मुलाच्या बाप्तिस्म्यात आईचे, तिच्या स्वतःच्या लग्नात तिच्या आईचे आणि मृत्यूच्या नोंदीत तिचे, असे सगळीकडे जन्मनाव लिहिलेले असते. समाजात वावरताना ‘मॅडम अमुक’ असे नवऱ्याचे नाव लावण्याची पद्धत पुढे रूढ झाली, पण नोंदीतले नाव तेच राहिले. आईकडून आईकडे मागे जात थेट सतराव्या शतकातल्या ‘राजाच्या मुली’पर्यंत पोहोचता येते, ते या एका सवयीमुळे. इंग्रजी रिवाजात लग्नानंतर स्त्रीचे माहेरचे नाव पुष्कळदा पुसले जाते आणि तिच्या बाजूची वंशावळ तिथेच तुटते.

क्वेबेकने एप्रिल १९८१ मध्ये या रीतीला कायद्याचे रूप दिले. लग्नानंतर पती आणि पत्नी दोघेही आपापले जन्मनाव कायम ठेवतात आणि त्याच नावाने व्यवहार करतात. केवळ लग्न झाले म्हणून नवऱ्याचे आडनाव अधिकृतपणे घेता येत नाही. मुलाला आईचे, वडिलांचे किंवा दोघांचे मिळून जोड आडनाव देता येते, मात्र त्यात दोनपेक्षा जास्त भाग नसावेत. जोड आडनावाची दोन माणसे लग्न करतात तेव्हा चारांतली कोणती दोन ठेवायची, असा नवा प्रश्न आता तिथल्या घरांत उभा राहतो.

इतक्या जुन्या नोंदी टिकल्या कशा?

त्यामागे चर्च आणि राजसत्ता या दोघांचा हात आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहाच्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवणे पाद्र्यांवर बंधनकारक केले. फ्रान्सच्या राजांनीही १५३९ आणि १५७९ च्या फर्मानांनी बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्या ठेवायला लावल्या. पुढे १६६७ च्या फर्मानाने प्रत्येक वहीच्या दोन प्रती ठेवण्याचा नियम आला. एक प्रत चर्चमध्ये राही आणि दुसरी न्यायालयात जाई. चर्च जळाले तरी न्यायालयातली प्रत वाचे.

दुसरी प्रत नसण्याची किंमत क्वेबेक शहराने आधीच मोजली होती. १६४० मध्ये तिथले चर्च जळाले आणि वह्याही जळाल्या. मग लोकांच्या आठवणीवरून मागच्या वर्षांच्या नोंदी पुन्हा लिहून काढाव्या लागल्या.

ब्रिटिश राज्य आले तरी ही पद्धत मोडली नाही. क्वेबेकमध्ये चर्चची वही हीच नागरी नोंद मानली जाई. नवा नागरी कायदा १ जानेवारी १९९४ रोजी लागू झाला तेव्हा हे काम पूर्णपणे सरकारी नोंदणी कार्यालयाकडे गेले. कॅथलिक पाद्री सिप्रियाँ तांगे यांनी १८७१ ते १८९० या काळात या नोंदींवरून सात खंडांचा वंशावळकोश छापला. विसाव्या शतकात द्रुएँ या संस्थेने प्रांतभरातल्या वह्यांचे मायक्रोफिल्मिंग केले. मॉन्ट्रियल विद्यापीठाचा प्रकल्प १९६६ पासून जुन्या नोंदी माणसागणिक जोडत आला आहे. बहुतेक वह्यांची पाने आज मोबाइलवरही उघडतात.

शोध नेमका कसा घेतात?

जाणकारांची पद्धत सरळ आहे. मूळ पुरुषापासून खाली यायचे नाही, स्वतःपासून वर जायचे.

पहिली पायरी, घरातले कागद. आजीचा प्रार्थनेचा ग्रंथ, मृत्यूनंतर वाटलेली स्मरणपत्रिका, थडग्याचा फोटो, लग्नाचा दाखला. यातून निदान एका जोडप्याचे नाव, लग्नाचे वर्ष आणि गाव मिळायला हवे.

दुसरी पायरी, लग्नाची नोंद. हा सगळ्या शोधाचा कणा आहे. कॅथलिक विवाहाच्या नोंदीत वधू आणि वर या दोघांच्याही आईवडिलांची नावे असतात आणि आईचे नाव माहेरच्या आडनावासह असते. त्या आईवडिलांच्या लग्नाची नोंद शोधली की मागची पिढी मिळते. एका लग्नावरून मागच्या लग्नाकडे, अशा साधारण दहा-बारा पायऱ्या चढल्या की माणूस सतराव्या शतकात पोहोचतो. विधवेच्या वा विधुराच्या पुनर्विवाहात मात्र पाद्री बहुधा आईवडिलांऐवजी आधीच्या जोडीदाराचे नाव लिही. अशा वेळी पहिल्या लग्नाची नोंद शोधावी लागते.

तिसरी पायरी, ‘सूट’ या शब्दावर लक्ष. चर्चने चौथ्या पिढीपर्यंतच्या नात्यात लग्नाला मनाई केली होती. लहान गावात ते टाळणे कठीण, म्हणून बिशपकडून सूट मिळवत. नोंदीत ‘तिसऱ्या पायरीच्या नात्याची सूट’ असे असले तर वधू-वरांचे पणजोबा-पणजी एकच होते, हे त्या एका ओळीतून कळते.

चौथी पायरी, नोटरीचे कागद. विवाहाचा करार, जमिनीची विक्री, मृत्यूनंतर घरातल्या भांड्याकुंड्यांची यादी. मूळ आणि ऊर्फ अशी दोन्ही आडनावे शेजारी-शेजारी सापडण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त असते.

शंभर वर्षांहून जुन्या नागरी वह्या क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय आणि अभिलेखागारात असतात. त्यानंतरच्या नोंदींसाठी नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो.

सीमा ओलांडल्यावर काय झाले?

१८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच-कॅनेडियन अमेरिकेत गेले, त्यांतले बरेचसे न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत. तिथे मुकादमाने, शिक्षकाने किंवा जनगणनेच्या कारकुनाने नाव इंग्रजी कानाने ऐकले. ‘बन्वा’चा बेनवे झाला, ‘आर्शांबो’चा शॅम्बो. काहींनी स्वतःच भाषांतर केले. ‘ल ब्लां’चे व्हाइट, ‘बुआव्हेर’चे ग्रीनवुड, ‘रुआ’चे किंग. परक्या गावात नोकरी मिळावी आणि मुलांची थट्टा होऊ नये, एवढाच अनेकदा त्यामागचा हेतू असे.

लेखक जॅक केरुअ‍ॅक याचे उदाहरण बोलके आहे. मॅसॅच्युसेट्समधील लोवेल या गिरणगावात १९२२ मध्ये क्वेबेकी आईबापांपोटी तो जन्मला. आपला मूळ पुरुष ब्रिटनीचा सरदार होता, असे तो घरात ऐकत आला. १९६५ मध्ये तो शोध घ्यायला पॅरिस आणि ब्रिटनीत गेला आणि रिकाम्या हाताने परतला. १९६९ मध्ये त्याचा मृत्यू झाला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वंशावळ अभ्यासकांनी कोडे सोडवले. कॅनडात १७३२ मध्ये लग्न करताना मूळ पुरुषाने दिलेले नाव त्याचे खरे नावच नव्हते. तो ब्रिटनीतल्या ह्युएलगोआत गावच्या नोटरीचा मुलगा होता, आडनाव ल बिहाँ आणि ‘केर्व्होआक’ हे जमिनीवरून आलेले ऊर्फ नाव. घराण्याने पुढे तेवढे ऊर्फ नाव सांभाळले आणि खरे आडनाव हरवले.

अकादियन कुटुंबांचा शोध अधिक अवघड का?

आजच्या नोव्हा स्कॉशिया परिसरातील फ्रेंच वसाहतीला अकादिया म्हणत. १७५५ पासून ब्रिटिशांनी तिथल्या दहा हजारांहून अधिक फ्रेंच भाषकांना हाकलून दिले. कुटुंबे फुटली, अनेक वह्या हरवल्या. त्यांतले काही पुढे लुइझियानात पोहोचले. तिथले केजन लोक त्यांचेच वंशज. अकादियनांत आडनावे थोडी असल्याने ओळख पटवण्याची वेगळीच युक्ती होती. ‘ज्याँ, पिएरचा, पॉलचा’ अशी बाप आणि आजोबा यांच्या नावांची साखळीच माणसाचे नाव म्हणून चाले.

वंशावळीचा आरोग्याशी काय संबंध?

थोड्या पूर्वजांपासून मोठा समाज वाढला की त्या पूर्वजांतले एखादे दुर्मीळ जनुकही पसरते. क्वेबेकच्या सागने-लाक-सँ-ज्याँ भागात टायरोसिनेमिया या यकृताच्या गंभीर आजाराचे वाहक साधारण वीस-बावीस जणांत एक इतके आहेत. या भागात मुळे असलेल्यांसाठी चार आनुवंशिक आजारांची वाहक चाचणी सरकारतर्फे उपलब्ध आहे. मूल होऊ देण्याआधी जोडप्याला धोका कळावा, हा तिचा उद्देश. इथे पणजीचे गाव माहीत असणे थेट उपयोगी पडते.

दृष्टी घालवणाऱ्या लेबर या आनुवंशिक आजाराचा क्वेबेकमधील एक प्रकार, १६६९ मध्ये लग्न झालेल्या एका ‘राजाच्या मुली’पर्यंत मागे नेता आला. हा दोष आईकडूनच मुलांत येतो. संशोधकांना ती साखळी जोडता आली, कारण वह्यांत प्रत्येक आई आपल्या माहेरच्या आडनावाने होती.

वंशावळीचा गैरवापरही होतो का?

होतो. बारा पिढ्या मागे गेल्यावर कागदावर पूर्वजांच्या ४,०९६ जागा भरतात. त्यांत एखादी मूळनिवासी स्त्री सापडणे अनेकांच्या बाबतीत शक्य आहे. समाजशास्त्रज्ञ डॅरिल लरू यांनी २०१९ च्या आपल्या पुस्तकात दाखवले की, अशा एका दूरच्या पूर्वजेच्या आधारे काही गोरे लोक मूळनिवासी वा मेटी असल्याचा दावा करतात. काही वेळा तर फ्रान्समधून आलेल्या स्त्रीलाच मूळनिवासी ठरवले जाते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या पावली निकालात मेटी हक्कांसाठी केवळ रक्ताचा धागा पुरेसा मानला नाही. त्या समुदायाने व्यक्तीला आपले म्हणून स्वीकारलेले असणेही आवश्यक ठरवले.

भारतातील वाचकांशी याचा संबंध कुठे येतो?

पहिला धागा गोव्याचा. ट्रेंटच्या ज्या धर्मपरिषदेने क्वेबेकच्या वह्यांचा पाया घातला, तिचाच नियम पोर्तुगीज गोव्यातील चर्चनाही लागू होता. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या नोंदींवर आज त्यांची मुले-नातवंडे पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करतात. तिथेही नावाच्या लेखनातला एका अक्षराचा फरक वर्षानुवर्षे हेलपाटे घालायला लावतो. दुसरा धागा तीर्थक्षेत्रांतील वह्यांचा. क्वेबेकच्या पानांचे मायक्रोफिल्मिंग करणाऱ्यांत असलेल्या यूटाच्या वंशावळ संस्थेने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही टिपल्या आहेत.

तिसरा धागा कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा. कॅनेडियन नागरिक असलेल्या आईबापांची मुलगी पुण्यात जन्मली, टोरंटोत वाढली आणि पुढे तिचे बाळ दुबईत जन्मले, तर जुन्या नियमाने ते बाळ नागरिकत्वाला मुकत होते. आता तिच्या कॅनडातील वास्तव्याचे १,०९५ दिवस महत्त्वाचे ठरतात. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे अशा कुटुंबांना निर्णय घेताना हेही पाहावे लागेल.

या सगळ्यांना लागणारी सावधगिरी सारखीच आहे. जुने नाव ‘चुकीचे’ म्हणून दुरुस्त करून घेण्याआधी जुन्या दाखल्याची प्रत जपून ठेवावी. वहीतल्या ‘रुआ’पासून आजच्या ‘किंग’पर्यंतचा रस्ता अशाच जुन्या कागदांवरून जातो.